मेडिकलच्या विद्यार्थ्यांना पॅलिएटिव्ह केअर शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी बॅच पोस्टिंगला आली की पहिल्या दोन दिवसांत तेच ते प्रश्न येतात. काही वर्गात, काही जिन्यात, तर काही सगळे पांगल्यावर दाराशी घुटमळत विचारलेले. 'आमच्या विभागात हे शिकवायला सुरुवात करायची आहे' असं म्हणणारे सहकारीही साधारण हेच विचारतात. तेव्हा एकदाची उत्तरं लिहून काढली. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काही संपत नाहीत.

पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस एकच का?

नाही. गंभीर आजारासोबत जो जो त्रास येतो, म्हणजे वेदना, धाप, मळमळ, उडालेली झोप, भीती, घरच्यांची ओढाताण, तो ओळखून कमी करणं म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. ती निदानाच्या दिवसापासून सुरू करता येते. केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही. हॉस्पिस हा तिचा शेवटचा टप्पा. आजार हटवण्याचे उपाय थांबवले आहेत आणि उरलेले दिवस त्रासाविना जावेत एवढंच उद्दिष्ट आहे, अशा रुग्णासाठी. अमेरिकेत हॉस्पिसमध्ये नाव घालायला आयुष्य अंदाजे सहा महिने किंवा कमी असल्याचं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. सगळीकडे असा नियम नाही. आणि हॉस्पिस म्हटलं की इमारत डोळ्यांसमोर आणू नका, कितीतरी वेळा हे काम रुग्णाच्या घरीच चालतं.

परीक्षेत 'पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे दिवस' असं लिहिणाऱ्याचे मी मार्क कापते. त्या एका गैरसमजामुळे रुग्ण आमच्याकडे फार उशिरा येतात.

हे सगळं सुरू कुणी केलं?

आधुनिक हॉस्पिसचं श्रेय सिसिली सॉन्डर्स यांना जातं. त्या आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर मेडिकलला प्रवेश घेऊन १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. वेदना उफाळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने तोंडाने मॉर्फीन हे तीव्र वेदनाशामक देणं त्यांनी रुजवलं. वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चार अंगं असतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात, ही मांडणीही त्यांचीच. 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव मात्र माँट्रियलचे सर्जन बाल्फोर माउंट यांनी १९७० च्या दशकात दिलं, कारण फ्रेंचमध्ये 'हॉस्पिस' शब्दाला निराधारांच्या आश्रमाचा वास येत होता.

एकच बाई नर्स, समाजसेविका आणि डॉक्टर असल्यामुळे हे शास्त्र जन्मापासूनच टीमचं आहे, असं मला नेहमी वाटतं.

पण हे म्हणजे हार मानणंच झालं ना?

हा प्रश्न विद्यार्थी सरळ विचारत नाहीत. ते विचारतात, 'मॅडम, पेशंटला इकडे पाठवलंय म्हणजे तिकडचे उपचार संपले ना?'

२०१० मध्ये बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच निदान झालेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना तेच उपचार आणि जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटात जगण्याची प्रत चांगली राहिली, नैराश्य कमी दिसलं आणि शेवटी शेवटी निष्फळ, अंगावर येणारे उपचारही कमी झाले. तरीही आयुष्याचा मध्यांक त्यांचाच जास्त भरला: ११.६ महिने, पहिल्या गटाचा ८.९.

आता यावरून 'पॅलिएटिव्ह केअरने आयुष्य वाढतं' असं घोकू नका. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसा फायदा दिसलेला नाही. पण आयुष्य घटतं म्हणून घाबरणाऱ्यांना दाखवायला हे आकडे पुरेसे आहेत.

फक्त कॅन्सरच्या रुग्णांसाठीच आहे का?

अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर लागते आणि गरजूंपैकी जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते. संघटनेने गरजू प्रौढांची जी विभागणी दिली आहे, त्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार ३८.५ टक्के आहेत, कॅन्सर ३४ टक्के. मग फुप्फुसांचे जुनाट आजार, एड्स, मधुमेह, किडनी, लिव्हर, डिमेन्शिया. लहान मुलंही आहेत. त्यांचे डोस, त्यांचे प्रश्न आणि त्यांचे आईवडील हा सगळाच वेगळा विषय, इथे दोन ओळींत उरकणार नाही.

मॉर्फीन दिलं की पेशंट लवकर जातो, असं ऐकलंय.

सगळ्यांनीच ऐकलंय. पेशंटने, त्याच्या घरच्यांनी आणि खेदाने सांगते, बऱ्याच सिनिअर डॉक्टरांनीही. वेदना असलेल्या रुग्णाला मोजूनमापून, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फीनने मृत्यू अलीकडे येतो, याला पुरावा नाही. गैरसमज होतो तो क्रमामुळे. मॉर्फीन फार उशिरा सुरू करतात, रुग्ण मुळात अखेरच्या दिवसांत असतो, आणि जातो तेव्हा आळ औषधावर येतो.

म्हणून मी या विषयावर लेक्चर देत नाही, गणित देते. पेशंट दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फीन तोंडाने घेतोय. चोवीस तासांचे झाले ६०. मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोस एकूण डोसाच्या साधारण सहावा हिस्सा, म्हणजे १०. काल असे तीन जादा डोस लागले, म्हणजे दिवसाचे ९० झाले. मग आजपासून दर चार तासांनी किती? १५. जादा डोस? तोही १५. आता पेशंटला गिळता येत नाही, कातडीखालून द्यायचंय. तोंडाचा डोस निम्मा करा: चोवीस तासांत ४५. इथे निम्मा वर्ग चुकतो. ती चूक कागदावर झालेली बरी.

गणित जमलं की मगच पुढचं. ज्याला मॉर्फीन त्याला पोट साफ होण्याचं औषध, त्याच दिवसापासून. मळमळ सहसा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, शरीर त्याला सरावतच नाही. किडनी बिघडलेली असेल तर मॉर्फीनचे अवशेष साठतात, रुग्ण गुंगतो, हातपाय झटकतो. अशा वेळी डोस कमी करा, दोन डोसांतलं अंतर वाढवा किंवा औषधच बदला. श्वास मंदावण्याआधी बहुतेक वेळा झापड वाढते, म्हणून पेशंट किती जागा आहे ते रोज बघा आणि लिहा.

आणि व्यसन?

तीन गोष्टी वेगळ्या करा. काही काळाने तोच डोस कमी पडू लागणं ही एक. औषध अचानक तोडलं तर घाम, जुलाब, अस्वस्थपणा येणं ही दुसरी. हे शरीराचं सरावणं आहे, आणि स्टिरॉइडही आपण एकदम तोडत नाही. नुकसान दिसत असूनही औषधामागे धावत राहणं ही तिसरी, आणि व्यसन म्हणतात ते तिलाच. कॅन्सरच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत तिसरी गोष्ट कमी दिसते, पण दिसतच नाही असं नाही. पूर्वी व्यसन होतं का, घरात आणखी कुणाला आहे का, हे विचारायचं आणि औषध कुलपात ठेवायला सांगायचं. 'व्यसन लागतच नाही' असं ठोकून सांगणारा शिक्षकही अर्धवटच शिकवतो.

वाईट बातमी सांगणं शिकवता येतं की ते अंगातच असावं लागतं?

शिकवता येतं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली सहा पायऱ्यांची एक पद्धत जगभर वापरतात: जागा नीट निवडा, रुग्णाला काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, सोप्या शब्दांत सांगा, भावनांना जागा द्या, पुढचं काय ते ठरवा. पाठ करायला पाच मिनिटं लागतात.

करायला गेलं की काय होतं ते सांगते. आम्ही रोल-प्ले घेतो. आमच्या एक सिस्टर पेशंट होतात, विद्यार्थी डॉक्टर. एका मुलाने सगळं छान केलं. खुर्ची जवळ ओढली, नाव सांगितलं, 'तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?' असंही विचारलं. मग त्याने रिपोर्ट सांगितला. सिस्टर गप्प बसल्या. मी घड्याळ बघत होते. चौथ्या सेकंदाला तो बोलू लागला: कुठली केमो, किती सायकल, केस परत येतात. दीड मिनिट एका दमात. तो थांबल्यावर सिस्टर म्हणाल्या, 'तुम्ही कॅन्सर म्हणालात, त्यानंतरचं मला काहीच ऐकू आलं नाही.'

वर्गात कुणी हसलं नाही. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगते, बातमी सांगून झाली की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. बहुतेकांना पाचच्या पुढे जाववत नाही.

आणि बसा. उभ्या डॉक्टरपेक्षा बसलेल्या डॉक्टरने जास्त वेळ दिला असं रुग्णांना वाटतं, वेळ तेवढाच असला तरी. खुर्ची नसेल तर बेडची कड, पण आधी विचारून.

नातेवाईक म्हणतात, 'त्यांना काही सांगू नका.' मग?

वाद घालू नका. 'रुग्णाचा हक्क आहे' हे खरं, पण दारात उभ्या असलेल्या मुलाला ते सुनावून काही साधत नाही. त्याला विचारा, 'सांगितलं तर काय होईल असं वाटतंय तुम्हाला?' मग ऐका. भीती बहुतेक वेळा एकच असते, की ते खचतील. त्यावर शब्द द्या: मी आपणहून काही लादणार नाही, पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही.

मग रुग्णाकडे जा आणि विचारा, 'आजाराबद्दल सगळं समजून घ्यायला आवडेल, की घरच्या कुणाशी बोलू?' काही जण खरंच म्हणतात, मुलीशी बोला. तोही निर्णय त्यांचाच. पण बहुतेकांना अंदाज आलेला असतो. एका काकांना हे विचारलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उशाशी ठेवलेला कमरेचा पट्टा काढून माझ्या हातात दिला. कारखान्यातून आलेल्या भोकांच्या पुढे खिळ्याने पाडलेली तीन नवी, वाकडीतिकडी भोकं होती. माझ्यासोबत आलेली विद्यार्थिनी केस पेपरवर 'आजाराची कल्पना नाही' असं लिहून बसली होती. तिने ते खोडलं.

'किती दिवस राहिलेत?' याला काय सांगायचं?

आकडा सांगू नका. डॉक्टरांचा अंदाज आशावादी असतो. अमेरिकेतल्या हॉस्पिसच्या रुग्णांवरचा २००० सालचा एक अभ्यास आहे. त्यात डॉक्टरांनी वर्तवलेलं आयुष्य प्रत्यक्षापेक्षा सरासरी पाचपटीहून जास्त निघालं, आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितकी चूक मोठी. 'वर्षं नाहीत, महिने वाटतात' किंवा 'आता आठवडे नाही, दिवस' असा पट्टा सांगा, आणि तो चुकू शकतो हेही सांगा. पण त्याआधी विचारा, 'हे आत्ता का विचारताय?' कधी मागे एखादं लग्न असतं, कधी परदेशातल्या मुलाचं तिकीट. उत्तर त्या तारखेला धरून द्यायचं असतं.

पोस्टिंगमध्ये विद्यार्थ्यांना नेमकं काय करायला द्यायचं?

आमचा अनुभव असा की लेक्चरं कमी आणि एक पेशंट पूर्ण. प्रत्येकाला एक रुग्ण, त्याचे सगळे त्रास रोज शून्य ते दहात मोजून लिहायचे, औषधांचा हिशेब करायचा, एकदा तरी टीमबरोबर त्याच्या घरी जायचं. पहिले दोन दिवस विद्यार्थी डॉक्टरांच्या नव्हे, सिस्टरांच्या हाताखाली. काही शिक्षकांना हे रुचत नाही. पण कूस कशी बदलायची, जखमेचा वास कसा आवरायचा, तोंड कसं स्वच्छ करायचं, हे त्यांच्याइतकं आम्हाला येत नाही.

तोंडावरून आठवलं. एका मुलीला सत्तरीतले एक आजोबा दिले होते, कॅन्सर हाडांत पसरलेला. केस पेपरवर तीन दिवस ओळीने लिहिलेलं, 'आहार कमी, आजार वाढल्यामुळे.' राउंडमध्ये सगळ्यांनी ते वाचलं, मीही. ती सिस्टरांबरोबर तोंड पुसायला बसली, टॉर्च मारला आणि मला बोलवायला आली. जिभेवर, टाळ्यावर, गालांच्या आत दह्यासारखे पांढरे थर. गॉझने पुसले की खाली लालबुंद. बुरशी होती. गिळताना आग होत होती म्हणून आजोबा ताट सरकवत होते, आणि विचारलं नाही म्हणून सांगत नव्हते. औषध सुरू झालं, चौथ्या दिवशी त्यांनी वाटी संपवली. आजार तेवढाच होता. त्या बॅचमधल्या प्रत्येकाच्या खिशात नंतर टॉर्च असायचा.

परीक्षा कशी घ्यावी?

डोसाचं गणित लेखीत, संवाद ओएससीईत (टेबलाटेबलावर फिरत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत), तपासणी बेडपाशी. 'मला काय वाटलं' या निबंधाला मी मार्क देत नाही. लिहायला लावते, वाचते, पण मार्क नाहीत. मार्क ठेवले की मुलं मॅडमना आवडेल असं रडतात.

शेवटच्या तासांत काय दिसतं? घरच्यांना काय सांगायचं?

आधी सांगायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. झोप वाढते, गिळणं थांबतं, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर निळसर जांभळी जाळी दिसते. श्वास खोल होतो, उथळ होतो, मधेच काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, पण त्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीच्या पलीकडे असतो. कुशीवर वळवा. स्राव कमी करणारं इंजेक्शन आहे, त्याचा उपयोग प्रत्येकाला होतोच असं नाही. सक्शनची नळी सारखी घशात घालू नका.

'निदान सलाईन तरी लावा,' हे हमखास येतं. त्यामागे 'उपाशी जातायत' ही बोच असते. त्यांना सांगा की शरीराला आता अन्नपाणी पेलत नाही, जास्तीचं पाणी अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवू शकतं. आणि त्यांच्या हाताला काम द्या: ओल्या गॉझने ओठ भिजवत राहणं. नुसतं 'गरज नाही' म्हणून निघून आलात तर पाच मिनिटांत दुसऱ्या डॉक्टरकडून सलाईन लागलेलं असेल.

हे आणि इच्छामरण एकच का?

नाही. इच्छामरणात मृत्यू घडवणं हा हेतू असतो, इथे त्रास घालवणं. उपयोग नसलेला उपचार सुरू न करणं किंवा थांबवणं ही तिसरीच गोष्ट. याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते न्यायवैद्यकाच्या तासाला वाचा. मात्र रुग्ण 'मला मारून टाका' म्हणाला तर कायदा सांगत बसू नका. 'सगळ्यात जास्त काय असह्य होतंय?' असं विचारा. पुष्कळदा उत्तर रात्रीच्या वेदनेचं किंवा घरच्यांवर ओझं झाल्याचं असतं, आणि त्यावर करण्यासारखं बरंच असतं.

मला पेशंटसमोर रडू आलं तर?

आलं तर आलं. डोळे भरले म्हणून कुणी नापास होत नाही. फक्त पेशंटने तुमची समजूत काढायची वेळ येऊ देऊ नका, तसं वाटलं तर बाहेर या. मृत्यू झालेल्या दिवशी आम्ही पंधरा मिनिटं सगळे बसतो, सिस्टर, मावशी, विद्यार्थी. काय बरं झालं, काय राहिलं, एवढंच बोलतो. विद्यार्थ्याने 'मी ठीक आहे' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गैरहजर राहिला, तर फोन शिक्षकाने करायचा.

राउंडमध्ये सिनिअर म्हणतात, 'इथे काही करण्यासारखं नाही, पुढच्या बेडला चला.' विद्यार्थ्याने काय करावं?

चला. राउंडमध्ये सिनिअरांशी भांडायचं नाही. दुपारी परत या, एकटे, आणि विचारा, 'सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?' उत्तर लिहून रेसिडेंटला द्या. लिहिलेल्याची दखल घ्यावीच लागते.

मृत्यू झाल्याचं पहिल्यांदा सांगायचं आहे. कसं?

इंटर्नशिपच्या आदल्या आठवड्यात हा प्रश्न येतो, बहुधा दाराशी घुटमळत. केस पेपर वाचून जा, नाव नीट बघून ठेवा. आत गेल्यावर घरच्यांना स्वतःची ओळख सांगा आणि काय तपासणार तेही सांगा, थांबायचं असेल तर थांबू द्या. रुग्णाला नावाने हाक मारा. डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाका. मान आणि छाती पाहा, ऐका, घाईने नाही, पूर्ण काही मिनिटं. काही ठिकाणी पाच मिनिटांचा नियम आहे, तो चांगला आहे. मॉनिटर असेल तर बंद करा, नाहीतर सगळे त्याच्याकडेच बघत राहतात. मग स्टेथोस्कोप गळ्यातून काढून हातात घ्या आणि साध्या शब्दांत सांगा, 'त्यांचा मृत्यू झाला आहे.' 'शांत झोपलेत' म्हणू नका, एखाद्याला ते खरं वाटतं. वेळ लिहावी लागते, पण घड्याळ आत शिरतानाच बघून ठेवा. तपासून झाल्यावर तुम्ही मनगट वर केलेलं घरच्यांना दिसतं.